पहिल्या धड्याचे सोळा नमुने

चिठ्ठी निघाली ती खारूच्या दप्तरातून, डब्याच्या खाली दबलेली, एका कोपऱ्याला चिकट झालेली. "आपल्या पाल्यास अद्याप वाचता येत नाही" एवढं छापलेलं आणि नावापुरती रेघ मोकळी. म्हणजे वाचता न येणारी पोरं त्या शाळेत इतकी होती की चिठ्ठ्या छापून घेणं परवडत होतं. त्याची लाज कुणाला वाटली नाही. उलट खाली मोठ्या बाईंची, म्हणजे मुख्याध्यापिकेची, ऐटदार सही होती.

पुढे लिहिलं होतं की बारा आठवड्यांनी वाचनाची तपासणी होईल, जी मुलं वाचणार नाहीत ती पहिलीतच राहतील, आणि तोवर पालकांनी सोबतच्या यादीतला एखादा मान्यताप्राप्त फोनिक्स, म्हणजे अक्षरांच्या आवाजांवरून वाचायला शिकवणारा, कार्यक्रम निवडून, विहित नमुन्यातला अर्ज कार्यालयात द्यावा. यादी सोबत नव्हती.

वाचायला शिकवणं हे शाळेचं काम असतं, असा एक जुना समज होता. तो आता पार निकालात निघाला आहे. शाळा वाचता येतं का ते तपासते. शिकवायचं कुणी, तर यादीतल्या नऊ कंपन्यांनी, आणि कंपनी निवडायची बापाने. बापाला काय कळतं हे कुणी विचारत नाही. विचारलं तर बाप सांगणार थोडाच आहे!

या बापाला ऑफिसात सगळे कोटेशनराव म्हणत. पंप बनवणाऱ्या एका कारखान्यात ते खरेदी विभागाचे हेडक्लार्क होते. एकोणीस वर्षांत त्यांनी तीन कोटेशनांशिवाय साधी टाचणी घेतली नव्हती. आधी चौकशीपत्र, मग कोटेशन, मग नमुना, मग तुलनातक्ता, मग समिती, मग ऑर्डर. या पायऱ्या त्यांच्या अंगात भिनल्या होत्या. त्यांच्या एकाही फायलीवर तपासणीवाल्यांचा शेरा नव्हता, आणि ही गोष्ट ते ओळख झाल्यावर पहिल्या दहा मिनिटांत सांगत. लग्नासाठी मुलगी पाहतानाही त्यांनी तिघींची स्थळं मागवली होती. बायको तिसरी. "मी निकषात बसले," असं ती पाहुण्यांसमोर म्हणायची, आणि कोटेशनरावांना ते आजतागायत कौतुक वाटत आलं होतं.

बायको फार्मासिस्ट. दवाखान्याशेजारच्या औषधांच्या दुकानात दिवसभर उभी राहून डॉक्टरांचं अक्षर लावायची. जे डॉक्टरला स्वतःला परत वाचता येत नाही ते तिला वाचता येई. तिने चिठ्ठी पाहिली, खारूकडे पाहिलं आणि म्हणाली, "रोज अर्धा तास घेऊन बसू तिला. बारा आठवडे पुष्कळ झाले."

"घेऊन बसू म्हणजे? कुठल्या पद्धतीने?"

"पुस्तक उघडायचं, बोट ठेवायचं, वाचायचं. तुमच्या आईने तुम्हाला काय पद्धतीने शिकवलं?"

"तेव्हा पर्याय नव्हते," कोटेशनराव म्हणाले. "आता नऊ आहेत. नऊ पर्याय असताना घरगुती काहीतरी करायचं आणि उद्या पोरगी नापास झाली तर जबाबदार कोण?"

बायकोने हात जोडले आणि ओट्याकडे वळली. तिची पाळी सकाळी आठला सुरू व्हायची आणि संध्याकाळी सातला संपायची. घरी आल्यावर भांडायला जेवढी ताकद लागते तेवढी तिच्यात उरत नसे, आणि घरातले बरेच निर्णय याच एका कारणाने कोटेशनरावांच्या बाजूने लागत.

खारू हे सगळं दाराच्या चौकटीला पाठ लावून ऐकत होती. सहा वर्षांची पोर. तिला खारू म्हणायचे, कारण ऐकलेलं वाक्य ती खारीसारखं गालात साठवून ठेवायची आणि भलत्याच वेळी जसंच्या तसं बाहेर काढायची. बॉस घरी आले असताना तिने एकदा कोटेशनरावांच्याच आवाजात "हा माणूस खुर्चीमुळे साहेब आहे" असं सांगितलं होतं. पण आत्ता तिने स्वतःचंच विचारलं.

"बाबा, बोळकी दुसरीत जाणार आहे. तिला वाचता येतं. मी पण जाणार ना?"

बोळकी म्हणजे बाकावरची मैत्रीण, समोरचे दोन्ही दात पडलेली. दोघी एकाच बाटलीतलं पाणी प्यायच्या.

"जाणार म्हणजे काय! रीतसर जाणार," कोटेशनराव म्हणाले.

सुरुवात यादीपासून झाली. यादी शाळेच्या फलकावर होती आणि फलकाला काच होती. काचेला कुलूप होतं आणि त्यावर उन्हाची तिरीप पडत होती, त्यामुळे नवांपैकी चारच नावं दिसत. कार्यालयातल्या बाई म्हणाल्या, "फलकावर लावलीय की."

"दिसत नाही हो. एक प्रत मिळेल का?"

"प्रत काढायला मूळ प्रत लागते. ती फलकावर आहे."

"मग किल्ली?"

"किल्ली चित्रकलेच्या सरांकडे. ते सोमवार-गुरुवार येतात."

त्या दिवशी शुक्रवार होता. कोटेशनराव सोमवारी अर्धी रजा टाकून गेले. सर आले होते, किल्ली विसरले होते. शेवटी गुरुवारी यादी हाती लागली आणि बारा आठवड्यांतला पहिला आठवडा तिथेच संपला. पण कोटेशनराव खूश होते. उगम निर्विवाद असला की पुढचं काम पक्कं होतं, असं ते नेहमी म्हणत.

मग त्यांनी नऊ कंपन्यांना चौकशीपत्रं पाठवली. रजिस्टर पोस्टाने, पाकिटावर आपला फोन नंबर घालून. विषय, संदर्भ, वर्णन: एक मुलगी, वय सहा वर्षे, वाचन शून्य. कोटेशन सीलबंद पाकिटात पाठवावे, बाहेर 'फोनिक्स' असे ठळक लिहावे, उशिरा आलेल्या पाकिटांचा विचार होणार नाही.

पाकीट एकही आलं नाही. फोन आले. सकाळी दाढी करताना आले, कारखान्यात बॉससमोर आले, न्हाणीघरात असताना आले. प्रत्येक फोनवर एक गोड आवाजाची सल्लागार, आणि तिचा पहिला प्रश्न ठरलेला: "सर, तुमचं मूल नेमकं कुठे अडकलंय?"

"पत्रात लिहिलंय," कोटेशनराव म्हणायचे.

"पत्र कसलं, सर?"

सहा वर्षांच्या पोरांना वाचायला शिकवणाऱ्या नऊ कंपन्यांपैकी एकीनेही आलेलं पत्र वाचलं नव्हतं. यातली गंमत कोटेशनरावांच्या ध्यानात आली नाही. त्यांच्या ध्यानात एकच शब्द आला, आणि तो ऐकून त्यांचे डोळे चमकले. तो शब्द म्हणजे 'ट्रायल'. प्रत्येक कंपनीचा पहिला धडा फुकट होता.

"नमुना!" त्या संध्याकाळी ते बायकोला म्हणाले. "अगं, हे लोक नमुना देतायत! नमुना बघितल्याशिवाय ऑर्डर कशी द्यायची? नऊच्या नऊ बघू."

"नऊ धडे?"

"नऊ पहिले धडे. तुलना करायची तर सारख्याची सारख्याशी करायला हवी. एकाचा पहिला आणि दुसऱ्याचा पाचवा बघून चालेल का?"

"मी गिऱ्हाइकाला खोकल्याचं औषध देते ना," बायको म्हणाली, "तेव्हा एकच बाटली देते. नऊ बाटल्यांतला एकेक चमचा पाजून कुठली बरी ते सांगा, असं नाही म्हणत."

"म्हणूनच अर्धे लोक खोकत असतात," कोटेशनराव म्हणाले, आणि हे वाक्य त्यांना इतकं आवडलं की त्यांनी ते ऑफिसातही दोनदा सांगितलं.

पहिला नमुना जेवणाच्या टेबलावर, कॉम्प्युटरसमोर झाला. पडद्यावर एक पिवळ्या झग्यातली बाई आली आणि टाळ्या वाजवत म्हणाली, "या या, छोट्या वाचकांनो! ओळखा पाहू, आज आपल्याला भेटायला कोण आलंय?" आला तो साप. साप वळवळला, स्स्स म्हणाला. अक्षराचं नाव नाही सांगायचं, आवाज काढायचा. आवाजाला आवाज जोडायचा की शब्द वाचून होतो. सापामागून आणखी पाच आवाज आले. प्रत्येकाला हाताची एक खूण होती. खारू घाबरून खुर्चीच्या कडेला बसली होती. तिला सहापैकी दोनच जमले. शेवटी पिवळी बाई गंभीर झाली आणि कोटेशनरावांकडे वळून म्हणाली, "अभिनंदन! तुमचं मूल वाचनासाठी तयार आहे. आज निर्णय घेतलात तर दप्तर मोफत."

कोटेशनराव मागच्या खुर्चीवर बसून तक्त्यात नोंदी करत होते. आवाजाची स्पष्टता, चित्रांचा दर्जा, बाईंचा संयम, दप्तर. "कळवतो," ते म्हणाले.

दुसऱ्या कंपनीचाही साप होता, पण हिरवा. तिसरीचा साप टोपी घातलेला. चौथीने साप न आणता आगगाडीची वाफ आणली म्हणून कोटेशनरावांनी 'वेगळेपणा' असा नवा रकाना आखला, आणि मग न्यायाने तो आधीच्या तिघींनाही लावायला हवा म्हणून पूर्ण तक्ता पुन्हा लिहिला. त्यात दोन रविवार गेले. सगळ्यांचे पहिले सहा आवाज तेच होते. सगळ्या बायका टाळ्या वाजवून "या या" म्हणत होत्या आणि सगळ्या शेवटी गंभीर होत होत्या. पहिल्या धड्यापुरत्या सगळ्या कंपन्या जुळ्या बहिणी असतात. फरक असलाच तर पुढे असतो. पण पुढे जायला कोटेशनरावांची पद्धत परवानगी देत नव्हती.

आणि मग चमत्कार झाला. पाचव्या नमुन्याला खारू बाईंच्या आधी "साप!" म्हणाली. सहाव्याला तिने सहाच्या सहा आवाज खुणांसकट काढले. सातव्याला तिने त्या आवाजांचे चार शब्द फटाफट वाचले आणि पडद्यावरची बाई खुर्चीतून अर्धी उठली. "सर, ही मुलगी असाधारण आहे! पहिल्याच धड्यात असं आम्ही पाहिलं नाही."

बाई खोटं बोलत नव्हती. तिच्यासाठी तो पहिलाच धडा होता.

कोटेशनराव त्या संध्याकाळी जिन्यात उगाच उभे राहिले. शेजारची जुळ्यांची आई भाजीची पिशवी घेऊन वर येत होती. तिची जुळी चौथ्या वर्षीच दुकानांच्या पाट्या वाचायची, आणि हे तिने इमारतीतल्या मांजरांनाही ऐकवलं होतं.

"आमच्या खारूला असाधारण म्हणाले," कोटेशनराव म्हणाले.

"कोण?"

"तज्ज्ञ."

"हो का? मग शाळेची चिठ्ठी कशी आली?"

"शाळेला कुठे काय कळतं!" असं म्हणून ते घरात आले, पण घास गोड लागला नाही. दुसऱ्या दिवशी जुळ्यांची आई स्वतःहून सांगायला आली की एका नमुन्यावर जाऊ नका, पहिल्या दिवशी सगळेच गोड असतात, दुसऱ्यांदा बघा. वरच्या मजल्यावरच्या निवृत्त बँकवाल्या काकांनी तेच ठासून सांगितलं. "फेरतपासणी! मी कर्ज देताना माणसाच्या घरी दोनदा जायचो. दुसऱ्यांदा न सांगता."

दुसरा नमुना वेगळ्या मालातून घ्यावा, हा तर कारखान्याचाच नियम. कोटेशनरावांनी नवातल्या पाच कंपन्या निवडल्या. अडचण एकच: एका फोन नंबरला एकच फुकट धडा. मग बायकोचा नंबर दिला, मेहुणीचा दिला, जुळ्यांच्या आईचा दिला, बँकवाल्या काकांचा दिला, आणि पाचवा ऑफिसच्या शिपाईमामांचा. तीच मुलगी दिसू नये म्हणून पालकही दर वेळी बदलावा लागे. अर्ज भरताना हात क्षणभर थांबला खरा, पण फक्त एक क्षण. एकोणीस वर्षं सरळ वागलेला माणूस वाकडं वागतो तेव्हा तेही रकाने आखून वागतो. कोण कुणाचं काय लागतं याचा त्यांनी वेगळा कागद केला होता.

खारू केस विंचरून टेबलाशी यायची आणि विचारायची, "बाबा, आज मी कोणाची?"

"आज तू बँकवाल्या काकांची नात."

"बरं." आणि ती पाय हलवत सापाची वाट बघत बसायची.

या काळात शाळेच्या अर्जाची मुदत आली. कोटेशनरावांनी 'निवडलेला कार्यक्रम' या रकान्यात प्रामाणिकपणे 'विचाराधीन' असं लिहिलं. कार्यालयातल्या बाईंनी यादीवरून बोट फिरवलं, वरून खाली आणि खालून वर.

"विचाराधीन नावाचा कार्यक्रम यादीत नाही."

"अहो, म्हणजे अजून विचार चालू आहे."

"विचार यादीबाहेर करायचा नाही. नवातलं एक नाव लिहा."

"तेच ठरवतोय!"

"मग ठरवून या. ओरडू नका, शाळा आहे."

मागे रांगेत उभा असलेला एक बाप हसला. त्याने पहिलंच नाव लिहून अर्ज देऊन टाकला होता. का हेच नाव, असं कोटेशनरावांनी विचारल्यावर तो म्हणाला, "वर होतं म्हणून." कोटेशनरावांना त्याच्या मुलाची दया आली. त्याचा मुलगा पुढे सहा आठवड्यांत घडाघडा वाचायला लागला हे त्यांना नंतर कळलं, आणि तो अन्याय ते आजही विसरलेले नाहीत.

नवव्या आठवड्याच्या रविवारी समिती बसली. तक्ता आता अकरा कागद जोडून झाला होता. तो भिंतीवर लावायला कपाट सरकवावं लागलं. समितीत बँकवाले काका, जुळ्यांची आई आणि बायको. बायको डोळे मिटून बसली होती. ती विचार करते आहे असं कोटेशनरावांना वाटलं. ती झोपली होती.

"टोपीवाल्या सापाला इतके कमी गुण का?" जुळ्यांच्या आईने विचारलं.

"टोपीमुळे लक्ष विचलित होतं."

"आमच्या जुळ्यांचं नाही झालं."

"तुमच्या जुळ्यांचा विषय आज अजेंड्यावर नाही."

"आधी एक खुलासा हवाय," बँकवाले काका म्हणाले. "मला रोज चार फोन येतात. नात कुठे अडकलीय, विचारतात. माझं लग्न झालेलं नाही! काल त्यातली एक म्हणाली, काका, आजच निर्णय घ्या. अहो, चाळीस वर्षांपूर्वी हे कुणी म्हणालं असतं तर आज खरंच नात असती."

गुणांची बेरीज झाली आणि दोन कंपन्या बरोबरीत आल्या. कोटेशनरावांनी बेरीज पुन्हा करून पाहिली. बरोबरी! एकोणीस वर्षांत दोनदाच झाली होती. नियम स्पष्ट होता: दोघांकडूनही पुन्हा नमुना.

तेव्हा बायकोने डोळे उघडले. ती उठली, पर्समधून एक औषधाचं खोकं काढलं आणि खारूला हाक मारली. "ये ग. हे वाच बघू."

खारूने खोकं हातात घेतलं, उलटंपालटं केलं. एका अक्षरावर तिचं बोट थांबलं. "हा साप." पुढचं अक्षर तिला माहीत नव्हतं. त्याच्या पुढचंही नव्हतं. तिने आईकडे पाहिलं, मग बाबांकडे, आणि समजूत घालावी तशी म्हणाली, "यातले बाकीचे अजून आपल्याला भेटायला आलेले नाहीत."

जुळ्यांची आई पिशवी उचलून निघाली. ही बातमी गरम असतानाच पोचवायला हवी होती.

"चौदा वेळा," बायको म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, ते जास्त वाईट होतं. "चौदा वेळा तिला दारापर्यंत नेलंत आणि परत आणलंत. माझी पोरगी आहे ती, वॉशर नाही. उद्या संध्याकाळपासून मी घेऊन बसते तिला."

"मग नेमकं काय बरोबर ठरलं ते कळणार कसं?" कोटेशनराव दुखावल्या आवाजात म्हणाले. "दोनच नमुने राहिलेत. या आठवड्यात ऑर्डर देतो. तुझी शपथ."

तिने ऐकलं. दुसऱ्या दिवशी दुकानातली दुसरी बाई आजारी पडली आणि हिला रोज रात्री अकरापर्यंत थांबावं लागलं, म्हणून ऐकलं. ते दोन नमुनेही झाले. सोळा पुरे झाले. हिरवा साप अर्ध्या गुणाने जिंकला आणि दहाव्या आठवड्याच्या शुक्रवारी कोटेशनरावांनी नवा शर्ट घालून, पेनची शाई तपासून, हिरव्या सापाच्या कंपनीत खारूचं नाव नोंदवायला घेतलं.

नोंदणी झाली नाही. पडद्यावर लाल चौकट आली: 'पडताळणी प्रलंबित.'

फोन केला. गोड आवाज या वेळी गोड नव्हता. "सर, या चेहऱ्याची मुलगी आमच्याकडे तीन वेळा आलेली आहे. एकदा तुमची मुलगी, एकदा एका गृहस्थांची नात, एकदा दुसऱ्या बाईंची भाची. ही एकच मुलगी आहे का?"

"एकच हो!"

"तसा दाखला पाठवा."

"कसला दाखला? ती एक आहे याचा?"

"हो, सर. आणि तिन्ही पालकांचं संमतिपत्र."

एकुलती एक असल्याचा दाखला मिळतो. एकच असल्याचा कुठे मिळतो हे कुणाला सांगता येईना. कोटेशनराव नगरपालिकेत गेले. तिथल्या कारकुनाने जन्माचा दाखला पाहिला आणि म्हणाला, "ही जन्मली आहे एवढं मी सांगू शकतो. एकदाच जन्मली का, ते वरच्या मजल्यावर विचारा." वरच्या मजल्यावर जेवणाची सुट्टी होती. बँकवाल्या काकांनी आयुष्यभर सही करण्याआधी तीनदा वाचायची सवय पाळली होती. नसलेल्या नातीच्या संमतिपत्रावर ते काही केल्या सही करेनात. अकरावा आठवडा गेला. बारावा गेला. पडताळणी प्रलंबितच राहिली.

तपासणीच्या दिवशी पालकांना वर्गाबाहेर लहान मुलांच्या खुर्च्यांवर बसवलं होतं. कोटेशनरावांचे गुडघे हनुवटीला टेकत होते. दार उघडं होतं. आत बाहेरच्या शाळेतून आलेल्या परीक्षक बाई, शेजारी मोठ्या बाई. बोळकी आधी गेली. दात नसल्याने तिचे शब्द हवेसारखे निसटत होते, पण ती बोट सरकवत शेवटच्या ओळीपर्यंत पोचली आणि खिडकीपाशी 'दुसरी' लिहिलेल्या रांगेत जाऊन उभी राहिली. तिने खारूला हात केला, शेजारची जागा दाखवली.

खारू आत गेली. समोर पाच ओळींची गोष्ट. तिने कागद धरला, वरपासून खालपर्यंत पाहिला. कोटेशनरावांच्या बायकोने त्यांचं मनगट धरलं होतं, ते आता दुखायला लागलं. मग खारूचं बोट एका अक्षरावर टेकलं आणि तिचा चेहरा उजळला. तिने कागद खाली ठेवला. टाळ्या वाजवल्या.

"या या, छोट्या वाचकांनो! ओळखा पाहू, आज आपल्याला भेटायला कोण आलंय?"

परीक्षक बाईंची पेन्सिल हवेत थांबली. खारूने साप वळवळून दाखवला. सहाही आवाज, सहाही खुणा, चुकून एक इकडेतिकडे नाही. हिरव्या सापाच्या कंपनीतल्या बाईंनाही इतकं सफाईने जमलं नव्हतं. मग ती गंभीर झाली, मोठ्या बाईंकडे वळली आणि मान किंचित तिरकी करून म्हणाली, "अभिनंदन! तुमचं मूल वाचनासाठी तयार आहे. आज निर्णय घेतलात तर दप्तर मोफत."

परीक्षक बाई हसल्या. इतक्या हसल्या की चष्मा काढून पुसावा लागला. बाहेरचे पालक हसले. मोठ्या बाईसुद्धा हसल्या. खारूही हसली; तिला वाटलं, पास झाले. मग परीक्षक बाईंनी चष्मा घातला आणि कागदावर लिहिलं: पहिलीतच ठेवावे.

कोटेशनराव उठले. उठताना ती छोटी खुर्ची त्यांच्यासोबत उठली. ती कमरेला तशीच घेऊन ते आत शिरले. "माझी हरकत नोंदवून घ्या. या तपासणीचा नमुना आधी दाखवलेला नव्हता."

"तुमचा कार्यक्रम कुठला होता?" मोठ्या बाईंनी विचारलं.

कोटेशनरावांनी तोंड उघडलं. तुलनातक्ता अख्खा डोळ्यांसमोर उभा राहिला, अकरा कागद, एकोणतीस रकाने. त्यातलं एकही नाव त्यांना घेता येईना.

"विचाराधीन," मागून कार्यालयातल्या बाई म्हणाल्या.

"सही करा," मोठ्या बाई म्हणाल्या आणि कागद पुढे केला. छापलेलाच होता, नावापुरती रेघ मोकळी. शेवटची ओळ अशी: मी वरील मजकूर वाचला असून तो मला समजला आहे. कोटेशनरावांनी सही केली. आयुष्यात पहिल्यांदाच, न वाचता.

बाहेर व्हरांड्यात खारूने मागे वळून रांगेकडे पाहिलं. बोळकी अजून शेजारची जागा हाताने अडवून उभी होती. खारूने बाबांचं बोट धरलं.

"बाबा, पहिलीतच म्हणजे परत पहिल्यापासून ना?"

"हो."

"मग रडू नको. ते मला येतं."

शाळेतून दुकानात गेलेली बायको त्या संध्याकाळी साडेचारलाच घरी आली. पाळी टाकून आली, एवढंच तिने सांगितलं. तिने भिंतीवरचा तक्ता खेचून काढला, टेबलावर पालथा घातला आणि खारूला शेजारी बसवलं. कोटेशनराव सवयीने मागची खुर्ची ओढायला गेले, तर खारू म्हणाली, "बाबा, तू बाहेर बस. तू मागे बसून लिहितोस."

ते जाऊन चपलांच्या मांडणीवर बसले. दार ओढलेलं होतं, पण आवाज येत होता. खिशात फोन थरथरला. हिरव्या सापाची कंपनी विचारत होती, त्यांच्या सेवेला किती गुण द्याल. त्यांनी फोन बंद केला. आत मार्करची करकर झाली. बायकोने सातवं अक्षर काढलं असावं. त्याचा आवाज तिने एकदा काढला, खारूने काढला, मग दोघींनी मिळून काढला. ना टाळ्या, ना साप. बराच वेळ नुसती पुटपुट चालली होती.

"आई, हे झाल्यावर कोणी फोन नाही ना करणार?"

"नाही ग."

"मग उद्या परत हेच?"

"उद्या याच्या पुढचं."

कोटेशनरावांनी चपलांवर बसल्या बसल्या कान दाराला लावला.

"पुढचं पण असतं?" खारूने विचारलं.